चुकल्या गाडीची पलटण

"साठातले दहा गेलेत," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "उद्या सकाळी दहाच्या आत मिळायला हवेत."

साहेबांनी गुडघ्याला तेल चोळणं काही थांबवलं नाही. तीस वर्षं विमा कंपनीसाठी नुकसानीचे दावे तपासून हा माणूस दमला होता. जळालेली गोदामं, भिजलेला माल, आपलंच कुलूप आपणच तोडून बोंब मारणारे दुकानदार, सगळं बघून झालं होतं. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून खासगी चौकशीची पाटी लावली, आणि आता ती पाटी काढायला स्टुलावर चढवत नाही म्हणून धंदा चालू आहे, असं साडूभाऊंचं मत होतं.

साडूभाऊ म्हणजे साहेबांच्या मेहुणीचे यजमान. त्यांनी हयातभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शेजारी बसले की अजूनही त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. साहेबांना गाडी येत नव्हती आणि साडूभाऊंना घरी करमत नव्हतं, तेवढ्यावर ही जोडी टिकली होती. सकाळपासून त्यांनी कामाचा म्हणून एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता.

"दहा काय?" साडूभाऊंनी विचारलं. त्यांना दागिने वाटले होते.

पुतळे, काकू म्हणाल्या, आणि मग जे सांगितलं ते असं. त्यांचे यजमान कवळ्या बनवायचे. डॉक्टरांनी पाठवलेल्या प्लास्टरच्या साच्यांवरून पस्तीस वर्षं त्यांनी अर्ध्या शहराचे दात घासले, त्यांचे रंग जुळवले. काम सोडल्यावर त्यांना टेबलावरच्या लढायांचा नाद लागला. बोटाएवढे पुतळे आपण जोडायचे, आपण रंगवायचे, मग फासे टाकत आणि फूटपट्टीने अंतर मोजत दोघांनी टेबलावर युद्ध खेळायचं. त्या खेळाचं एक ठरलेलं जग असतं. राक्षस, चिलखतवाले सरदार, पंखांचे घोडे. त्यांचे डबे दुकानात मिळतात.

काकांनी त्यातला एकही डबा घेतला नाही. त्यांनी खेळण्यातल्या रेल्वेच्या फलाटावर ठेवायची माणसं आणली आणि त्यांचं सैन्य केलं. आजीबाईंच्या छत्रीचा भाला झाला, हमालाच्या ट्रंकेची ढाल झाली, स्टेशनमास्तर सेनापती झाला. गोष्टही त्यांनीच रचली. ह्या साठ जणांची शेवटची गाडी चुकली, दुसरी आलीच नाही, वाट बघता बघता सगळे मेले आणि तरी फलाट सोडून गेले नाहीत. क्लबातले लोक तिला चुकल्या गाडीची पलटण म्हणत आणि काकांना कवळीकाका. ह्या पलटणीला सहा वर्षं लागली.

दुसऱ्या जगातली माणसं ह्या खेळात चालतात का, साहेबांनी विचारलं. चालतात, काकू म्हणाल्या, पण हत्यार ओळखू आलं पाहिजे, संख्या साठ भरली पाहिजे आणि सगळं काम स्वतःच्या हातचं पाहिजे. साठात एक जरी कमी पडला तरी प्रदर्शनात टेबल मिळत नाही. प्रदर्शन उद्या रविवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी काकांनी पेटी क्लबाच्या चिटणिसांकडे नेऊन दिली, चिटणिसांनी ती कपाटात कुलपात ठेवली, आज सकाळी मांडायला काढली तर दहा कमी.

"खेळण्यातली माणसं आहेत हो," साडूभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. "परत करता येतील."

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"त्यांचा हात थरथरायला लागलाय," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. औषध चालू आहे, पण डॉक्टर काही आशेचं बोलत नाहीत. ही शेवटची पलटण. उद्या ती टेबलावर उभी राहिली नाही तर हा माणूस परत कामाला बसणार नाही. सत्तेचाळीस वर्षं ओळखते मी त्यांना. खिडकीशी नुसते बसून राहतील, आणि मग मी कुणाकडे बघायचं?"

त्यांचा आवाज चढला नाही, पण साहेबांनी तेलाची बाटली बंद केली. पत्ता लिहून द्या म्हणाले. काकूंनी डाव्या हातात पेन धरून पत्ता लिहिला आणि तळव्याची कड घासून शेवटची ओळ फराटली. साडूभाऊंच्या घरीही हाच प्रकार होता, वाण्याच्या यादीतली अर्धी अक्षरं त्यांना ताडावी लागत. त्यांनी पत्ता बरोबर वाचला आणि त्यांना उगाच बरं वाटलं.

क्लब म्हणजे खेळण्यांच्या दुकानामागचं एक लांबट दालन होतं. हिरवी कापडं घातलेली टेबलं, भिंतीला लोखंडी कपाट, आणि प्रत्येक भिंतीवर नियम. नियम लिहिणारे चिटणीस स्वतः दारात उभे होते. शाळेत हजेरीपट सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि चेहराही तसाच उभ्या-आडव्या रेघांचा झाला होता. चोरीची बातमी बाहेर गेली तर क्लबाची अब्रू जाईल, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन. एक चिटणिसांच्या कमरेला, दुसरी दुकानदाराच्या गल्ल्यात.

साहेबांनी गुरुवारची पावती मागितली. 'पेटी एक, पुतळे साठ, पाहून घेतले.' खाली चिटणिसांची रेखीव सही आणि शेजारी काकांची, थरथरीने चारदा मोडलेली, पण पूर्ण. त्याच फायलीत प्रवेशाचा अर्ज होता. 'सर्व काम माझ्या एकट्याच्या हातचे आहे' असं छापलेलं आणि खाली सहीची जागा कोरी.

"इथे सही नाही," साहेब म्हणाले.

काका म्हणाले होते की हात फार हलतोय, रविवारी करतो, चिटणिसांनी सांगितलं. म्हातारा माणूस, त्यांनी सूट दिली.

"साठ मोजून घेतलेत ना?"

"डोळ्यांत तेल घालून."

"दोन्ही ताटं बाहेर काढून?"

चिटणीस जरा ताठ झाले. पुतळ्यांच्या बैठकीच्या कडांना काळा रंग ताजा होता, आणि ओल्या रंगाला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी स्वतःच केला होता, तो बघा चौथ्या क्रमांकाला. साहेबांनी चौथा क्रमांक वाचला आणि मान हलवली.

पेटीत पांढऱ्या पत्र्याची दोन ताटं होती, एकावर एक. पुतळ्यांच्या बुडाशी लोहचुंबक असल्यामुळे ते पत्र्याला धरून उभे राहत. वरच्या ताटात तीस जण, खालच्यात वीस. साडूभाऊंनी छत्रीवाली आजी उचलली. करंगळीपेक्षा लहान, पण कपाळाला आठ्या होत्या आणि वरचा ओठ थोडा पुढे होता, कवळी नीट न बसल्यासारखा. उजव्या गालावर सोनेरी रंगाची एक बारीक रेघ होती. आजी उचलली तसं खाली पत्र्यावर काळं वर्तुळ उमटलेलं दिसलं आणि पेटी बंद राहिल्याने अजून न वाळलेला तेलरंग साडूभाऊंच्या बोटाला लागला. त्यांनी तो विजारीला पुसला आणि लगेच त्यांना घरी काय ऐकावं लागेल ते आठवलं.

साहेबांनी एकेक करून सगळे पुतळे उचलून परत ठेवले. मग खालच्या ताटातल्या रिकाम्या ओळीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. हे ताट थोडा वेळ नेतो, ते चिटणिसांना म्हणाले, पावती करा.

दुकानदार पुढे गल्ल्यावर होता. जाडजूड आणि कंटाळलेला. कवळीकाकांवर त्याचा राग होता आणि त्याने तो लपवला नाही. सहा वर्षांत सैन्याचा एक डबा घेतला नाही, उलट त्यांचं बघून आणखी दोघे फलाटावरची माणसं मागायला लागले. ठरलेलं जग सोडून भलतीकडची माणसं आणायची, हा काय खेळ झाला?

"म्हणून चोरलीत?" साडूभाऊंनी विचारलं. त्यांना मधेच असं विचारायची फार हौस होती.

दुकानदार चिडलासुद्धा नाही. चोरून काय करणार, म्हणाला, त्या म्हाताऱ्याचा हात सगळे ओळखतात, शोकेसमध्ये ठेवले तर पहिलं गिऱ्हाईकच नाव सांगेल. आणि काही झालं तरी रंग आणि ब्रश इथूनच जातात. दोन महिन्यांपूर्वी काकू येऊन सगळ्यात बारीक ब्रश घेऊन गेल्या. काकांनीच मागवला म्हणाल्या. पण काका कधी तो ब्रश वापरत नाहीत, ते दातांच्या कामातलं स्वतःचं हत्यार वापरतात. म्हटलं, आपल्याला काय.

उरला क्लबातला एक खेळाडू, चष्मेवाला. त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. लागोपाठ दोन वर्षं क्लबाच्या लहान स्पर्धांत तो काकांच्या मागे दुसरा आला होता, आणि शुक्रवारी क्लबातून सगळ्यात शेवटी तोच निघाला होता. साडूभाऊंनी गाडीतच त्याला आरोपी ठरवून टाकलं.

"चोराच्या मनात चांदणं," ते म्हणाले. "बघा, आपण जाताच घाम फुटेल."

चष्मेवाल्याला घाम फुटला नाही. त्याने एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू पुरा आवळला, मग दोघांना आत नेलं. मला जिंकायचं होतं, त्याने सरळ सांगितलं, पण काकांसमोर जिंकायचं होतं. ते नसताना पहिला नंबर घेऊन काय करू?   मग चष्मेवाल्याने फोन काढून एक फोटो दाखवला. दहा दिवसांपूर्वी काकांच्या घरी काढलेला, साठच्या साठ रांगेत.

"कुणाला बोललो नाही," तो म्हणाला. "काकांची कल्पना अशी की फलाटावर संध्याकाळ आहे आणि सूर्य पलटणीच्या उजव्या हाताला मावळतोय. म्हणून प्रत्येकाच्या उजव्या गालावर सोनेरी रेघ. आता शेवटची रांग बघा."

साडूभाऊंनी बघितलं. शेवटच्या रांगेत एक बाई अगदी त्यांच्या सासूसारखी दिसत होती, आणि ते त्यातच अडकले.

"डाव्या गालावर आहे," साहेब म्हणाले.

"दहाही जणांच्या. काम वाईट नाही. थोडं भीत भीत केलेलं, पण स्वच्छ. वाटलं, काका थकले, चुकले. उद्या परीक्षक भिंग घेऊन येणार आणि विचारणार. मला नुसत्या कल्पनेनेच कसंतरी होत होतं."

"आणि गेले ते हेच दहा," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मेवाल्याचे आभार मानले.

साहेब गाडीत बसले. पांढरं ताट मांडीवर धरून, त्यातले वीस प्रवासी सांभाळत बसून राहिले. साडूभाऊ ताशी वीसच्या वर जात नव्हते.

"मला वाटतं दुकानदार," साडूभाऊ म्हणाले. "चष्मेवाला रडका निघाला. रडका माणूस चोरी करत नाही."

"घरी जाऊ या का?" साहेब म्हणाले.

"काकूंच्या?"

"आपल्या. खरंच सांगतो, साडूभाऊ. हे शोधून दिलं की दोघांपैकी एकाला वाईट वाटणार. नाही दिलं तर दोघांना. मला ह्याचा कंटाळा आलाय."

साडूभाऊंना काही कळलं नाही, पण साहेबांचा चेहरा त्यांनी बघितला आणि गाडी काकूंच्याच घराकडे वळवली. शिकाऊ माणूस भर चौकात स्टिअरिंग सोडतो तेव्हा दुसऱ्याने धरायचं असतं, एवढं त्यांना येत होतं.

कवळीकाका खिडकीशी बसले होते. बारीक, नीटनेटका माणूस, मांडीवर दोन्ही हात एकमेकांत अडकवलेले, तरी उजवा हलतच होता. नमस्कार झाले. साहेबांनी गुरुवारचं विचारलं. काकांनी मोजकं सांगितलं. पेटी दुपारी भरली, शेजाऱ्याच्या गाडीतून नेली, चिटणिसांच्या हातात दिली. पेटी काकूंनी भरून दिली का? नाही, काकू बहिणीकडे गेल्या होत्या, त्यांनी एकट्यानेच भरली.

"एवढा हात हलत असताना? त्या येईपर्यंत थांबायचं होतंत," साडूभाऊ म्हणाले.

काकांनी हसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "जाऊ दे हो साहेब. गेले ते गेले. उगाच कुणाला त्रास नको."

साहेबांनी खोली बघायला परवानगी मागितली. बघण्यासारखं एक टेबल होतं आणि एक फडताळ. टेबलाला चिमट्याने अडकवायचा दिवा डाव्या कडेला होता. तिथलं लाकूड चिमट्याने वर्षानुवर्षं दाबून खोल गेलं होतं. उजव्या कडेलाही चिमट्याचे वण होते, पण ताजे, आतलं लाकूड अजून पिवळं दिसत होतं. फडताळात पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ओळी होत्या. काकांनी ज्यांच्या कवळ्या केल्या त्यांच्या जबड्यांचे साचे. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी होती, वकील, पोस्टातले, बेकरीवाल्याची आई. एका खोक्यावर नुसतं 'घरचे' लिहिलेलं होतं. माझ्या वरच्या दाढा त्यांनीच केल्यात, चहा आणता आणता काकू म्हणाल्या. ज्याचं त्याच्या खोक्यात, अशी त्यांची शिस्त, आमच्याकडे सुईसुद्धा इकडची तिकडे होत नाही.

साहेबांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"काकू, तुम्हीही बसा. सगळ्यांना जमवून सांगण्यासारखं ह्यात काही नाही. आपण चौघे पुष्कळ झालो. कुणी काही चोरलेलं नाही."

काकू बसल्या. काकांनी खिडकीकडे बघितलं.

"पहिलं, हे ताट," साहेब म्हणाले. "कडांचा काळा रंग ओला असताना पुतळे ठेवले, म्हणून प्रत्येकाखाली काळं वर्तुळ आहे. वरच्या ताटात तीस वर्तुळं, खालच्यात वीस. रिकाम्या ओळीत एकही नाही. तिथून दहा पुतळे कुणी उचलले असते तर दहा वर्तुळं मागे राहिली असती. ते दहा ह्या ताटात कधी उभेच राहिले नाहीत."

"पण चिटणिसांनी साठ मोजले," साडूभाऊ म्हणाले.

"तीस मोजले. ओल्या रंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. वरचं ताट काढलंच नाही. वर तीस, म्हणजे खाली तीस, दोन्ही मिळून साठ, करा सही. हजेरी घेणाऱ्या माणसाची सवय आहे ती. तेवढ्याने न झालेली चोरी झाली."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. पेटी कुणी भरली, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"आता, नेमके तेच दहा का, हे बघू. डाव्या गालावर उजेड असलेले. काका उजव्या हाताने काम करतात, म्हणून दिवा डावीकडे. नाहीतर हाताचीच सावली कामावर पडते. पुतळा आपल्याकडे तोंड करून धरला की डावीकडच्या दिव्याचा उजेड त्याच्या उजव्या गालावर पडतो. पन्नास जणांचा सूर्य असा ठरला. बाकीच्या दहांना रंगवणाऱ्याने दिवा उजवीकडे लावला होता, वण ताजे आहेत. म्हणजे रंगवणारा डावखुरा. आणि नवीन. जिथे उजेड दिसला तिथे सोनेरी लावलं, बाकीच्या पलटणीकडे बघायचं राहून गेलं."

काकूंनी डावा हात पदराखाली घेतला.

"दोन महिन्यांपूर्वी तुम्ही बारीक ब्रश आणलात, काकू. काका तो वापरत नाहीत."

 मग काकूच बोलल्या, साहेबांशी नाही, काकांशी. "तुमचे फिसकटायचे हो. डोळा गालावर, रंग कानात. दुपारी तुम्ही झोपलात की मी पुसायची आणि करायची. तुम्हाला वाटत होतं अजून जमतंय, म्हणून म्हटलं वाटू दे. मीच घाण केली सगळी."

"तुम्हाला वाटतं ह्यांना माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांनी डोळे चोळले. "पस्तीस वर्षं दाताच्या रंगातला केसाएवढा फरक ओळखलेला माणूस, काकू. हात गेलाय त्यांचा, डोळे नाहीत. गुरुवारी एकाच वेळी दोन कागद पुढे होते. पावतीवर ह्यांनी सही केली, हात हलत असताना. 'सगळं काम माझ्या एकट्याच्या हातचं' ह्यावर नाही केली. आणि सहा वर्षांचं काम चोरीला गेलेला माणूस मला एकदाही विचारत नाही की कुणावर संशय आहे. माझा अंदाज सांगतो, काका. साठ भरले नाहीत तर पेटी गुपचूप परत येईल, खोटं लिहावं लागणार नाही आणि काकूंना काही कळणारही नाही. चिटणीस न मोजता सही करतील, चोरीचा गवगवा होईल, हे तुमच्या हिशेबात नव्हतं. मग काही बोलायची सोयच राहिली नाही."

"अंदाज बरोबर आहे," काका म्हणाले. "एक सोडून."

ते उठले, फडताळाशी गेले आणि 'घरचे' लिहिलेलं खोकं काढून टेबलावर ठेवलं. उघडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. साडूभाऊंचा हात मदतीला पुढे गेला, साहेबांनी तो मागे ओढला. आत कापसात दहा जण आडवे झोपलेले होते.

"मी एवढा सत्यवान नाही, साहेब," काका म्हणाले. "स्वतःपुरतं असतं तर ठोकली असती सही. पण सही केली की हे दहा माझे झाले. हे माझे नाहीत, हिचे आहेत. पहिल्या दिवशीच कळलं मला. दुपारी मी जागाच असायचो. सत्तेचाळीस वर्षांत ही बाई माझ्या टेबलाशी कधी बसली नव्हती. मी डोळे मिटून ब्रश धुतल्याचा आवाज ऐकायचो. कळलं म्हणून सांगितलं असतं तर ही उठून गेली असती."

 काकूंनी पदराने नाक पुसलं आणि मग त्या एकदम चिडल्या. सांगता येत नव्हतं का? तोंड कुठे गेलं होतं? जागे होतात तर दिव्याची बाजू चुकतेय, एवढं तरी सांगायचं. दहा बाया-माणसं वाया गेली, आता बसून सगळ्यांचे गाल पुसायला हवेत, आणि उद्या सकाळी प्रदर्शन.

"पुसायचं नाही," काका म्हणाले. "एकालाही हात लावायचा नाही."

दोघांची जुंपलेली बघून साडूभाऊंनी काहीतरी करायचं म्हणून खोक्यातले पुतळे काढून ताटात उभे करायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताट त्यांच्या बाजूने उलटं होतं, आधीच्या वीस जणांची तोंडं त्यांच्याकडे होती, आणि त्यांनी दहाही जण स्वतःकडे पाठ करून, त्या वीस जणांकडे तोंड करून लावले. साहेब त्यांना थांबवणार होते. मग ते ताटाकडे वाकले आणि तसेच राहिले.

"काका," ते म्हणाले, "हे बघा."

समोरासमोर उभे राहिल्यावर वीस जणांचा उजवा गाल आणि दहा जणांचा डावा एकाच बाजूला आला होता. सूर्य एकच होता. पलटण गाडीची वाट बघत उभी होती आणि हे दहा जण समोरून तिच्याकडे चालत येत होते.

"घ्यायला आलेत," काका म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली. "अगं, हे त्यांना घ्यायला आलेत."

काकूंनी चष्मा लावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हे मी मुद्दाम केलेलं नाही, असं त्यांनी साहेबांना बजावून सांगितलं.

चिटणिसांना सांगायला साहेब त्याच संध्याकाळी गेले. चिटणिसांनी आधी नियम दाखवला, मग साहेबांनी त्यांना ताटावरची वर्तुळं मोजायला लावली. त्यानंतर नियमांत वाट सापडली. जोडीने केलेल्या कामाचा एक गट होता. त्यात लहान मुलं आणि त्यांचे बाप भाग घेत. वयाची अट घालायची राहून गेली होती, ह्याचं चिटणिसांना स्वतःलाच वाईट वाटलं.

रविवारी चुकल्या गाडीची पलटण बालगोपाळांच्या टेबलावर उभी राहिली. एका बाजूला जांभळा राक्षस, दुसऱ्या बाजूला डिंकाने माखलेले सरदार. अर्जावर दोन सह्या होत्या, एक थरथरलेली आणि एक फराटलेली. काका चार तास खुर्चीवर न बसता उभे होते आणि येईल त्याला ते दहा जण कुणाच्या हातचे आहेत ते सांगत होते. मोठ्यांच्या गटात पहिला आलेला चष्मेवाला ट्रॉफी काखेत धरून त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. तो जिंकल्यासारखा अजिबात दिसत नव्हता.

जोडीच्या गटात पलटणीचा दुसरा नंबर आला. पहिला सात वर्षांच्या एका मुलीचा आणि तिच्या बापाचा, जांभळ्या राक्षसासाठी. काकूंना हे मुळीच पटलं नाही. त्या राक्षसाला तीन डोळे होते आणि तिन्ही वाकडे, हे त्यांनी साहेबांना, साडूभाऊंना आणि नंतर त्या मुलीच्या बापालाही सांगितलं.

साहेब दाराजवळच्या बाकावर गुडघा लांब करून बसले होते. साडूभाऊ म्हणाले की एवढा शोध लावला आणि एकाला धड अटक नाही, शिक्षा नाही. साहेब म्हणाले, बरं आहे, आणि डोळे मिटून घेतले.

पेटी भरून झाल्यावर काकू पुढच्या दुकानात शिरल्या. दुकानदार त्यांना सैन्याचे डबे दाखवायला लागला. त्यांनी ते बाजूला सारले, खालच्या फळीवर रेल्वेच्या खेळण्यांचं सामान होतं तिथे वाकल्या आणि बँडवाल्यांचा एक डबा वर घेतला. लाल डगले, तुताऱ्या, एक मोठा ढोल. डबा त्यांनी काकांपुढे धरला.

काकांनी तो नाकापर्यंत नेऊन एकेक चेहरा बघितला. डबा त्यांच्या हातात खडखडत होता.

"ह्यांना लढायला शिकवायचं म्हणजे फार वेळ लागेल," ते म्हणाले.

"लागू दे," काकू म्हणाल्या.